तीन मिलिमीटरचं भोक

(दृश्य: ऑपरेशन थिएटर. हिरव्या कापडांच्या मधोमध बाळाची बेंबी.)

बाळ दीड महिन्याचं आहे. दूध पाजलं की कारंज्यासारखी उलटी. जठराच्या खालच्या तोंडाशी स्नायू जाड झालाय, दुधाला पुढे वाट नाही. आधी सलाइन देऊन शरीरातले क्षार मार्गावर आणले, मगच इथे आणलं. आता दुर्बिणीतून तो स्नायू चिरायचा. हत्यारं रिफिलच्या जाडीची, जेमतेम 3 मिलिमीटर.

पहिला धोका आत शिरतानाच. बाळाच्या पोटाची भिंत पातळ असते आणि मणक्यालगतची मुख्य रक्तवाहिनी तिच्या अगदी जवळ. यकृत बरगड्यांखाली उतरलेलं, मूत्राशय वर चढलेलं. म्हणून बरेच सर्जन आंधळेपणाने सुई खुपसत नाहीत. बेंबीपाशी छोटी चीर देऊन डोळ्यांदेखत आत जातात.

मग पोटात कार्बन डायऑक्साइड सोडतात. मोठ्या माणसात दाब पाऱ्याच्या 12 ते 15 मिलिमीटरपर्यंत नेतात, इथे साधारण 8 किंवा त्याहूनही कमी. पोट फुगलं की श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा, वर ढकललं जातं, आणि तान्ह्या बाळाचा श्वास बहुतेक त्याच्याच जोरावर चालतो. वायू रक्तातही मुरतो. भूलतज्ज्ञांची नजर उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडच्या आकड्यावर असते. आकडा चढायला लागला की त्या म्हणतात, "गॅस सोडा जरा." सर्जनचे हात थांबतात.

स्नायूवरची चीर उथळ गेली तर उलट्या सुरूच राहतात. खोल गेली तर आतल्या अस्तराला भोक. म्हणून नाकातल्या नळीतून जठरात हवा भरून बघतात, कुठे बुडबुडा येतो का.

(दृश्य: संमतिपत्रावर सही करणारे वडील.)

"गरज पडल्यास पोट उघडावे लागेल." ही ओळ घाईत वाचली जाते. नंतर खरंच उघडावं लागलं, तर नातेवाईक म्हणतात, ऑपरेशन फसलं. आमच्या मते, रक्तस्राव दिसत असताना दुर्बिणीचा हट्ट धरणं हे खरं फसणं.

अपेंडिक्स काढलेली मोठी मुलं दुसऱ्या दिवशी तक्रार करतात, "खांदा दुखतोय." घरच्यांना वाटतं, टेबलावर अवघडला असेल. कारण असतं गॅसमुळे श्वासपटलाला झालेला त्रास; तो खांद्यात जाणवतो आणि बहुधा दोन-तीन दिवसांत ओसरतो. आतड्याला विजेच्या हत्याराचा चटका बसला असेल, तर तो मात्र काही दिवस लपून राहू शकतो. घरी गेल्यावर ताप, पोट ताठ, हिरवी उलटी असं काही दिसलं, तर तपासणीच्या तारखेची वाट बघायची नाही.

आणि टाके. मोठ्यांमध्ये 5 मिलिमीटरच्या भोकाला आतून टाका सहसा घालत नाहीत. लहान मुलांत घालावा लागतो. मूल रडतं, जोर करतं, आणि एवढ्याशा फटीतूनही आतड्यांवरच्या चरबीच्या पडद्याचं टोक बाहेर येऊ शकतं. पट्टीखाली पिवळसर, ओलसर काही दिसलं, तर बोटाने आत ढकलू नका. सलाइनने भिजवलेला स्वच्छ गॉज ठेवा आणि तसंच हॉस्पिटल गाठा.