विकलेल्या गाडीचा निरोप

श्रोतेहो, नमस्कार.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. इंदूरला टिळकनगरातल्या आमच्या घरी चकल्या चालल्या होत्या, सोऱ्या माझ्या हातात, आणि यांच्या मोबाइलवर एक मेसेज आला. तुमच्या अमुक क्रमांकाच्या गाडीच्या स्टिअरिंगमधला एक भाग सदोष असू शकतो, जवळच्या सर्व्हिस सेंटरवर गाडी तपासून घ्या, भाग बदलावा लागला तर पैसे पडणार नाहीत. यांनी मोठ्यानं वाचून दाखवला आणि म्हणाले, "फसवणूक दिसतेय. गाडी तर आपण दीड वर्षापूर्वीच विकली." मेसेज पुसून टाकायला बोट पुढे गेलंही होतं. मी म्हटलं, थांबा. गाडीचा क्रमांक बरोबर आहे.

यांचा संशय चुकीचा नव्हता. हल्ली असल्या मेसेजमधल्या लिंकला हात लावूच नये. आम्हीही लावला नाही. तेल गाळून ठेवलं, गॅस बंद केला आणि ज्या सर्व्हिस सेंटरवर आम्ही गाडी न्यायचो, तिथे जुन्या बिलावरचा नंबर काढून फोन लावला. तिथल्या मुलानं चॅसिस नंबर विचारला आणि दोन मिनिटांत सांगितलं, "हो मॅडम, तुमची गाडी यादीत आहे." कंपनीचं नाव मी सांगत नाही. आज मला जे सांगायचं आहे, ते सगळ्याच गाड्यांना लागू पडतं.

मी तेहतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, त्यामुळे स्टिअरिंग म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे आधी आकृती येते. आपण हातातलं चाक फिरवतो, तेव्हा त्याच्या दांड्याच्या तळाशी एक लहान दातेरी चाक फिरतं. ते एका आडव्या दातेरी पट्टीला डावी-उजवीकडे सरकवतं. मेकॅनिक तिला रॅक म्हणतात. पट्टीच्या दोन्ही टोकांना एकेक दांडी, तिचं नाव टाय रॉड. या दांड्या पुढच्या चाकांना ओढतात, ढकलतात. दांडीच्या टोकाला आपल्या खांद्यासारखा उखळीचा सांधा असतो, तो बॉल जॉइंट. नव्या गाड्यांत मदतीला विजेची मोटर असते. ती बंद पडली तर स्टिअरिंग जड होतं, पण जोर लावला की गाडी वळते. दांडी किंवा सांधा तुटला तर मात्र ते चाक तुमचं ऐकत नाही. तुम्ही उजवीकडे वळवता, ते जाईल तिकडे जातं.

सांधा झिजत आला की गाडी खाणाखुणा दाखवते. खड्ड्यात खडखड वाजते, स्टिअरिंगमध्ये 'प्ले' म्हणजे ढिलेपणा येतो, गाडी एका बाजूला ओढते. पण एखादा भाग कारखान्यातच कच्चा निघाला असेल, धातूला आच नीट बसली नसेल किंवा जोड अर्धवट राहिला असेल, तर बहुधा काही कळतच नाही. चालतंय तोवर छान चालतं. किती निष्णात ड्रायव्हर असू दे, त्याच्या हाताला ते जाणवणार नाही. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतच्या गाड्यांत तो माल गेला, हे कारखान्यालाच ठाऊक. म्हणून कारखान्यानं हाक मारायची असते. तिला रिकॉल म्हणतात.

आपल्या पीथमपूरला नॅट्रॅक्सचं चाचणी केंद्र आहे. 11.3 किलोमीटरचा वेगाच्या चाचणीचा तिथला ट्रॅक 2021 च्या जूनमध्ये सुरू झाला. इंदूरकरांना त्याचा अभिमान आहे, मलाही आहे. पण चाचणी होते ती नमुन्याच्या गाड्यांची. पुढे हजारो गाड्या बनत राहतात आणि मधल्याच एखाद्या आठवड्यात सुट्या भागांचा वाईट लॉट येऊन जातो. 2023 च्या जुलैमध्ये मारुती सुझुकीनं एस-प्रेसो आणि ईको मिळून 87,599 गाड्या बोलावल्या, त्या टाय रॉडच्या एका भागासाठी. त्या 5 जुलै 2021 ते 15 फेब्रुवारी 2023 या काळात बनलेल्या होत्या. 2024 च्या ऑगस्टमध्ये 2,555 अल्टो के-10 गाड्या स्टिअरिंग गिअरबॉक्ससाठी बोलावल्या, आणि भाग बदलेपर्यंत गाडी चालवूच नका, असं मालकांना सांगितलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात होंडानं अमेरिकेत सुमारे 17 लाख गाड्या बोलावल्या, कारण वळवताना स्टिअरिंग अडकल्यासारखं होत होतं. कंपनीनं स्वतःहून गाड्या बोलावणं मला कमीपणाचं वाटत नाही. गप्प बसणाऱ्या कंपनीची मला जास्त भीती वाटते.

आपल्याकडे 2012 पासून कंपन्या आपण होऊन रिकॉल करत आल्या. पुढे 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन कलम 110-अ आलं आणि 1 एप्रिल 2021 पासून त्याचे नियम लागू झाले. सात वर्षांच्या आतल्या गाडीत सुरक्षेचा दोष असेल, तर मालक परिवहन मंत्रालयाच्या पोर्टलवर तक्रार नोंदवू शकतो. ठरलेल्या संख्येहून जास्त तक्रारी आल्या तर सरकार चौकशी करून कंपनीला गाड्या परत बोलवायला लावू शकतं. अशा सक्तीच्या रिकॉलला 10 लाखांपासून 1 कोटीपर्यंत दंड आहे.

हे सगळं ठीक. पण निरोप आला तो आमच्या घरी आणि गाडी होती सेंधव्याला.

गाडी आम्ही दलालामार्फत विकली होती. घेणारा मुलगा सेंधव्याचा, घरात मराठीच बोलणारा. बायको धुळ्याची, त्यामुळे दर पंधरवड्याला बिजासन घाट उतरायचा. घाट ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. मागे-पुढे भरलेले ट्रक, एका अंगाला उतार. तिथे स्टिअरिंगनं साथ सोडली तर? हे म्हणाले, "गाडी नावावर करून दिली, आपला आता काय संबंध?" कागदोपत्री खरंच नव्हता. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. मुलगा गाडी न्यायला आला तेव्हा बायको आणि कडेवरची छोटी मुलगी बरोबर होती. मी त्या मुलीच्या हातावर लाडू ठेवला होता.

त्याचा नंबर सापडला तो गाडी नावावर करून देताना भरलेल्या फॉर्म 29 आणि 30 च्या झेरॉक्सच्या पाठीमागे. लावला तर बंद. दलालाला विचारलं. तो म्हणाला, "अरे माताजी, आप क्यों टेंशन ले रही हो?" तीनदा फोन केल्यावर त्यानं जुनी वही काढली आणि मुलाच्या मेहुण्याचा नंबर दिला. पाचव्या दिवशी मुलगा सापडला.

"काकू, मला तर काहीच मेसेज नाही आला," तो म्हणाला. येणार कुठून? वॉरंटी संपल्यावर तो गाडी घराजवळच्या गॅरेजमध्ये दाखवत होता. गॅरेजवाला प्रामाणिक, हात चांगला, पण कंपनीच्या नोंदीत हा मुलगा नव्हताच. आरसीवर नाव बदललं म्हणजे कंपनीकडेही बदललं असेल, असं आपण धरून चालतो. कंपनीकडे मात्र पहिल्या मालकाचा मोबाइल आणि पहिल्या मालकाचा पत्ताच पडून असतो. मालक तिसरा झाला तरी निरोप पहिल्याकडेच जातो आणि तो म्हणतो, फसवणूक दिसतेय.

मला तुमच्याकडून दोन कामं हवी आहेत. जुनी गाडी घेतली असेल तर आरसी किंवा विम्याचा कागद काढा. त्यावर चॅसिस नंबर असतो, 17 अक्षरं-आकड्यांचा. कंपनीच्या वेबसाइटवर तो टाकून गाडी यादीत आहे का ते बघता येतं. ते जमत नसेल तर सर्व्हिस सेंटरला फोन करा, आणि फोनवर असतानाच आपलं नाव, मोबाइल नोंदवून घ्या. गाडी कितव्या हातातली आहे, हे रिकॉलमध्ये बघत नाहीत. पैसे मागितले तर देऊ नका. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे. गाडी चालवू नका असं सांगितलं असेल, तर ती न्यायला माणूस पाठवा म्हणावं. "हळू चालवत आणतो" म्हणू नये.

दुसरं काम, गाडी विकली असेल त्यांच्यासाठी. घेणाऱ्याचा नंबर जपून ठेवा आणि निरोप आला तर पोचवा. आपण नवी गाडी खजराण्याच्या गणपतीला नेतो, दसऱ्याला तिला झेंडूची माळ घालतो. ती दुसऱ्याच्या अंगणात गेल्यावर एक फोन करायला काय हरकत आहे?

त्या मुलानं गाडी दाखवली. भाग बदलला, अर्धा दिवस गेला, पैसे पडले नाहीत. जुना भाग कसा होता, ते मला कळलं नाही, त्यांनी तो ठेवून घेतला.

गेल्या महिन्यात त्याचा पुन्हा फोन आला. दुसरं बाळ झालंय, मोठी गाडी घेतोय, जुनी खरगोनच्या एका गृहस्थांना दिली. "काकू, वहीत लिहून घ्या," म्हणाला आणि त्यांचा नंबर सांगितला. "सर्व्हिस सेंटरला मी कळवलंय. पण मेसेज तुमच्याकडेच आला तर?"

मी लिहून घेतला. नमस्कार.