उत्तर न सांगणारे सर

(दृश्य: हायस्कूलचा वर्ग. कोरा फळा, खडू घेतलेला हात.)

फळ्यावर चार आकडे लिहूया. १९५६. राज्यपुनर्रचनेचं साल. बेळगाव-खानापूरच्या सीमाभागात ते कुणाला समजावून सांगावं लागत नाही, घरोघरी ते बोलण्यात असतं. आज मात्र त्याच्याकडे नुसती एक संख्या म्हणून बघायचं.

आकडे उतरत्या क्रमानं लावा: ९६५१. चढत्या क्रमानं लावा: १५६९. मोठ्यातून लहान वजा करा. ८०८२. आता या उत्तराचंही तेच करा: ८८२० वजा ०२८८, आले ८५३२. परत एकदा: ८५३२ वजा २३५८. उत्तर ६१७४. आणखी एक फेरी केली, तर ७६४१ वजा १४६७, म्हणजे पुन्हा ६१७४. इथून पुढे संख्या बदलतच नाही.

कुठलीही चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नसले म्हणजे झालं. जास्तीत जास्त सात फेऱ्यांत तुम्ही ६१७४ वर येता.

(दृश्य: देवळालीतील जुनी शाळा, रस्ता. नंतर कापरेकरांचे छायाचित्र.)

हे शोधून काढलं ते एका शाळामास्तरांनी. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५, डहाणूचा. शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात. विद्यार्थी असतानाच, १९२७ साली, त्यांना रँगलर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं. पदव्युत्तर शिक्षण त्यांनी घेतलेलं नव्हतं. हयातभर नोकरी केली ती नाशिकजवळच्या देवळालीत, शाळेत. ६१७४ चा शोध १९४९ चा. आपल्याकडच्या अनेक विद्वानांना तेव्हा हा पोरखेळ वाटला. १९७५ साली अमेरिकेतले गणित-लेखक मार्टिन गार्डनर यांनी आपल्या मासिक सदरात कापरेकरांवर लिहिलं आणि जगभर त्यांचं नाव झालं. १९८६ साली ते गेले. आज ६१७४ ला सगळीकडे कापरेकर स्थिरांक म्हणतात.

कापरेकरांपासून सुरुवात करण्याचं कारण आहे. वर्गात ६१७४ ची गंमत दाखवली की मुलं टाळ्या वाजवतात, घंटा होते, तास संपतो. प्रगत गणिताचा तास त्या टाळ्यांनंतर सुरू होतो, सर जेव्हा विचारतात, "का?"

(दृश्य: मुलांच्या वह्या. आकडेमोड.)

आठवीतल्या मुलाला पेलेल असा हा प्रश्न आहे. चार अंकांतला सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान अंक घ्या, त्यांतला फरक काढा. मग मधल्या दोन अंकांतला फरक काढा. वजाबाकीचं उत्तर काय येणार हे या दोन फरकांवरच ठरतं: पहिल्या फरकाची ९९९ पट आणि दुसऱ्याची ९० पट, दोन्हींची बेरीज. १९५६ मध्ये पहिला फरक ८, दुसरा १. म्हणून ७९९२ अधिक ९०, म्हणजे ८०८२. आपल्याला आलं होतं तेच.

आता बघा काय झालं. चारही अंक सारखे नसलेल्या चार अंकी संख्या आहेत ८,९९१. एवढ्या कोण तपासणार? पण फरकांच्या जोड्या किती होतात? पहिला फरक १ ते ९ मधला काहीही. दुसरा शून्यापासून पहिल्याइतका, त्याहून मोठा नाही. मोजल्यावर जोड्या भरतात फक्त ५४. वर्गात २७ मुलं असतील तर एकेकाच्या वाट्याला दोन. प्रत्येकानं आपल्या दोन जोड्या शेवटपर्यंत नेल्या की सगळ्या संख्यांची तपासणी झाली. एकही संख्या सुटलेली नाही आणि कुणावर विश्वास ठेवायचीही गरज उरलेली नाही. वर्गानं मिळून एक सिद्धता पूर्ण केली.

हे सगळं सरांनी फळ्यावर लिहून दिलं असतं तर दहा मिनिटांत उरकलं असतं. मुलांनी शोधायचं म्हटलं तर दोन शनिवार जातात. ते दोन शनिवार द्यायला तयार असलेल्या माणसांविषयी ही फिल्म आहे.

(दृश्य: महामार्ग, बेळगावच्या बाहेर. मुंबई आणि बेंगळूर अशा पाट्या.)

पुणे-बेंगळूर महामार्ग बेळगावातून जातो. उत्तरेला गेलं की मुंबई, दक्षिणेला गेलं की बेंगळूर, दोन्हीकडे अंतर साधारण पाचशे किलोमीटर. गणित ऑलिम्पियाड म्हणजे शाळकरी मुलांची गणिताची मोठी स्पर्धा. तिचा देशातला कार्यक्रम उभा करण्यात या दोन शहरांतल्या माणसांचा मोठा वाटा आहे. मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं १९७४ साली सुरू केलेलं. बेंगळूरला भारतीय विज्ञान संस्थेत ऑलिम्पियाडचा कक्ष होता. सी. आर. प्राणेशाचार, बी. जे. वेंकटाचल, सी. एस. योगानंद ही नावं ऑलिम्पियाडची तयारी केलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतात. तिघांनी मिळून लिहिलेलं प्रश्नांचं पुस्तक घेऊन मुलांच्या कितीतरी तुकड्या तयार झाल्या. आर्थिक पाठबळ अणुऊर्जा खात्याच्या राष्ट्रीय उच्चतर गणित मंडळाचं.

आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाड १९५९ साली रुमानियात सुरू झालं. भारताचा संघ पहिल्यांदा गेला १९८९ साली. सात वर्षांनी, १९९६ साली, ते मुंबईतच भरलं. प्रत्येक देशाची सहा मुलं. दोन दिवस, रोज तीन प्रश्न, त्यासाठी साडेचार तास. प्रत्येक प्रश्नाला सात गुण. तीन प्रश्नांना साडेचार तास म्हणजे एका प्रश्नाला दीड तास! शाळेच्या परीक्षेत दीड तासात अर्धा पेपर संपतो. तेव्हा या मुलांना शिकवायचं काय, तर एका प्रश्नापाशी बसून राहायला शिकवायचं. वाट बंद झाली तर मागे येऊन दुसरीकडून शिरायचं. आणि जे सुचलं ते परक्या माणसाला पटेल असं कागदावर उतरवायचं.

निवडीची पहिली पायरी आयओक्यूएम, म्हणजे ऑलिम्पियाडची पात्रता परीक्षा. तीन तासांत तीस प्रश्न, प्रत्येकाचं उत्तर जास्तीत जास्त दोन अंकी पूर्ण संख्या. त्यातून विभागीय परीक्षा, मग राष्ट्रीय परीक्षा, मग साधारण महिनाभराचं निवासी शिबिर. त्यातून सहा जणांचा संघ. २०२४ साली इंग्लंडमधल्या बाथ शहरात आपल्या संघानं चार सुवर्ण आणि एक रौप्य पदक मिळवलं, देश चौथा आला. मुलींच्या युरोपीय गणित ऑलिम्पियाडलाही २०१५ पासून भारताचा संघ जातो.

(दृश्य: शिबिरातील वर्ग. एका बाकाभोवती तीन-चार जण.)

पदकं पेपरात येतात, मुलांचे फोटो येतात. त्यांच्यामागे उभी असलेली माणसं फोटोत नसतात. संघाबरोबर एक नेता आणि एक उपनेता जातो. नेता मुलांच्या आधीच पोहोचतो, कारण सगळ्या देशांचे नेते मिळून प्रश्नपत्रिका ठरवतात. त्यानंतर मुलांचे दोन्ही पेपर होईपर्यंत त्याला मुलांना भेटता येत नाही. वर्षभर ज्यांच्याबरोबर मेहनत केली, त्यांना ऐन वेळी दोन शब्द सांगण्याचीही मुभा नाही. मात्र पेपर संपला की त्याचं खरं काम सुरू होतं. मुलांनी अर्धवट लिहिलेलं, खोडलेलं, बाणानं कुठेतरी जोडलेलं तो ओळ न् ओळ वाचतो आणि यजमान देशाच्या परीक्षकांसमोर बसून मुलाची बाजू मांडतो. या ओळीत कल्पना आहे, ती पुरी झालेली नाही, पण आहे. सातपैकी दोन गुण मिळायला हवेत, असं. मुलाच्या कच्च्या विचारातला धागा ओळखून त्याच्यासाठी भांडणारा माणूस, हे मला शिक्षकाचं फार मोठं रूप वाटतं.

शिबिरातल्या शिकवणाऱ्यांत आणखी एक जात आहे. पूर्वी पदक मिळवलेली मुलं. कॉलेजात असताना किंवा संशोधन करताना ती सुट्टी काढून परत येतात, रात्री उशिरापर्यंत धाकट्यांच्या वह्या बघतात. त्यांना कुणी सर म्हणत नाही, दादा किंवा ताई म्हणतात, आणि अडलेलं मूल त्यांच्याकडे अगोदर जातं.

(दृश्य: खानापूर तालुका, पावसाळा. भाताची खाचरं, बस थांबा.)

आता इकडे येऊ. खानापूरच्या जंगलपट्टीत, निपाणीच्या तंबाखूच्या मळ्यांकडे, चिक्कोडीच्या उसाच्या पट्ट्यात, तिकडे बिदरकडे भालकी-औरादला, सरकारी आणि अनुदानित मराठी शाळा आहेत. इथलं मूल घरी मराठी बोलतं, शाळेत कन्नड शिकतं, दहावीनंतर सायन्स घेतलं की पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, सगळं इंग्रजीत. तीन भाषा सांभाळून ते गणित करतं. त्याची बुद्धी कमी पडते असं म्हणणाऱ्यानं एकदा त्याच्या बाकावर बसून बघावं.

शिक्षकाचं बघा. कर्नाटकातल्या हायस्कुलात पीसीएमचे सर म्हणजे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित एकाच माणसाच्या गळ्यात. जागा रिकामी असली तर अतिथी शिक्षक, वर्षभराच्या नेमणुकीवर. बेळगाव जिल्ह्याचे शिक्षण खात्यात दोन जिल्हे आहेत, बेळगाव आणि चिक्कोडी, आणि एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, निकालात कोण कितवा आला याची चर्चा दरवर्षी होते. त्यामुळे जानेवारीपासून सरांचा सगळा जोर ‘पासिंग पॅकेज’वर, म्हणजे मागे पडलेली मुलं पास कशी होतील यावर. ते कामही तितकंच मोलाचं आहे, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण त्याच वर्गात मागच्या भिंतीजवळ एखादी मुलगी बसलेली असते. तिचा उदाहरणसंग्रह केव्हाच सोडवून झालेला असतो. तिच्यासाठी सरांकडे वेळ कुठून यायचा?

काही ठिकाणी तो काढला जातो. आठवीच्या एनएमएमएस या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्ती परीक्षेसाठी शाळा सुटल्यावर मुलं थांबवून घेणारे शिक्षक या भागात आहेत. या परीक्षेतून निवड झाली की नववी ते बारावी दरवर्षी बारा हजार रुपये शिष्यवृत्ती मिळते. शेतमजुराच्या किंवा विडी कामगार बाईच्या घरात या रकमेवर पोरीचं पुढचं शिक्षण टिकून राहतं. माझ्या दृष्टीनं या जादा तासांमधूनच प्रगत गणिताची वाट निघू शकते, कारण वर्ग जमलेला असतो, सर थांबलेले असतात. फक्त प्रश्नांची जात बदलायची.

होमी भाभा केंद्राची सुरुवात कशी झाली हे इथे सांगायला हवं. पदकांपासून ती झाली नाही. पहिल्या वर्षांत व्ही. जी. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्याला जात, खेड्यातल्या मराठी शाळांत विज्ञान कसं शिकवलं जातं ते बघायला, शिक्षकांबरोबर काम करायला. पुढे मुंबईत महापालिकेच्या शाळांतल्या वंचित घरांतल्या मुलांबरोबर त्यांनी काम केलं. पाठ्यपुस्तकाची बोजड भाषा मुलांना अडवते, हे त्यांच्या अभ्यासात ठळकपणे पुढे आलं. आज जो देशभर नावाजलेला कार्यक्रम आहे त्याच्या मुळाशी मराठी शाळेतला वर्ग आहे.

आणि बेळगाव या बाबतीत काही उघडं-वाघडं गाव नाही. १९१६ साली सात तरुण शिक्षकांनी मिळून इथे केएलई ही शिक्षणसंस्था काढली. राणी पार्वती देवी कॉलेज, गोविंदराम सेक्सरिया विज्ञान महाविद्यालय, १९९८ पासून विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ: गणितात एम.एस्सी. झालेली, पीएच.डी. झालेली कितीतरी माणसं या शहरात राहतात, टिळकवाडीत सकाळी फिरायला जातात. खानापूर तिथून तासाच्या आत आहे. मानखुर्दहून कुणी येण्याची वाट कशाला बघायची? तालुक्याच्या गावातला पीसीएमचा शिक्षक आणि शहरातला एखादा प्राध्यापक, एवढ्या दोघांची ओळख झाली तरी पुष्कळ होईल. एकाला मुलं ठाऊक आहेत, दुसऱ्याला प्रश्न ठाऊक आहेत.

(दृश्य: शनिवारची दुपार. शाळेचं पटांगण, दप्तरं घेऊन निघालेली मुलं. काही मुलं वर्गात परत येतात.)

आयओक्यूएमला आठवीपासून बसता येतं. जुन्या प्रश्नपत्रिका होमी भाभा केंद्राच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. केंद्राच्या ‘विज्ञान प्रतिभा’ उपक्रमाचे पाठही तिथे आहेत, आठवी ते दहावीच्या मुलांसाठी तयार केलेले. शनिवारी शाळा सकाळची असते, दुपार मोकळी असते.

पहिल्या शनिवारी एकच प्रश्न पुरे. यात्रेतली कुठलीही सहा माणसं घ्या. त्यांत एकमेकांना ओळखणारे तिघं असतील, किंवा एकमेकांना अजिबात न ओळखणारे तिघं असतील. दोन्हींपैकी एक असणारच. फळ्यावर सहा ठिपके काढा, लाल आणि निळा असे दोन खडू मुलांच्या हातात द्या. ओळख असेल तिथे लाल रेघ, नसेल तिथे निळी. एका ठिपक्यापासून सुरुवात करा, त्यातून पाच रेघा निघतात. पुढचं मुलांना बोलू द्या. कुणी म्हणेल, "सर, पाच माणसं घेतली तर जमत नाही की." तेव्हा त्याच्याच हातात खडू द्या आणि का जमत नाही ते दाखवायला सांगा.