पोटातली आवळलेली मूठ

श्रोतेहो, नमस्कार.

ज्येष्ठ वद्य अष्टमीला ज्ञानेश्वर माउलींची पालखी आळंदीहून हलते आणि त्याआधी आठ दिवस आमच्या वैद्यकीय पथकाची बांधाबांध सुरू होते. खोक्यांत सगळ्यात आधी दोन गोष्टी जातात: ओआरएसची पाकिटं आणि पोटातल्या कळेवरच्या गोळ्या. वारीत रोजचं गाव वेगळं, रोजचं पाणी वेगळं. वाटेत कुणी पिठलं-भाकरी वाढतं, कुणी बुंदी देतं, कुणी हातावर केळं ठेवतं. प्रसादाला नाही म्हणायचं नसतं. मग संध्याकाळी माणसं पोट धरून येतात. आज मला बोलायचंय ते या कळेवरच्या गोळ्यांबद्दल. डायसायक्लोमिन, हायोसिन, ड्रोटाव्हेरिन. नावं जड आहेत, पण तुमच्या घरातल्या औषधांच्या डब्यात यातली एखादी पट्टी बहुतेक असणारच.

आधी कळ म्हणजे काय ते पाहू. आपल्या भाषेत दुखण्याची नावं फार नेमकी आहेत. दात ठणकतो, जखम चुरचुरते, डोकं भणभणतं, आणि पोटात कळ येते. येते, चढते, घाम फोडते, ओसरते आणि पुन्हा येते. मुरडा म्हणतो तोही हाच. बाळगुटीत उगाळतात ती मुरडशेंग आठवा, दोरीसारखी पिळलेली. आतड्यात नेमकं तेच होतं, पीळ बसल्यासारखं.

आतडं म्हणजे नुसती नळी नाही. तिच्या भिंतीत स्नायू आहेत, आणि ते आपल्या हुकमात नाहीत. हात उचल म्हटलं की उचलतो, आतड्याला हल म्हणता येत नाही. गाईची धार काढताना बोटं कशी वरून खाली एकामागून एक आवळत येतात? वरचं बोट आवळलं, मग त्याखालचं, मग त्याखालचं. आतडं अन्न पुढे ढकलतं ते तसंच. आता समजा, सगळी बोटं एकदम आवळली आणि सुटेनात. मूठ वळली. तो पेटका. आवळलेल्या जागी रक्त नीट फिरत नाही, मागे अडलेला वारा आणि पाणी आतडं ताणतात, आणि माणूस गुडघे पोटाशी घेऊन पडतो.

ही गोळी ती मूठ सोडवते. पुन्हा सांगते, कारण हेच लक्षात ठेवायचंय: ही गोळी दुखण्याची जाणीव बधिर करत नाही, मूठ सोडवते. मूठ सुटली की कळ आपोआप जाते.

कशी सोडवते? मज्जातंतूच्या टोकाकडून स्नायूला एका रसायनाच्या रूपाने निरोप जातो, ‘आवळ’. त्या रसायनाचं नाव ॲसिटिलकोलिन. डायसायक्लोमिन आणि हायोसिन हा निरोप स्नायूच्या दारातच अडवतात. ड्रोटाव्हेरिन निरोपाच्या वाटेला जात नाही, ते स्नायूच्या आतच ढिलेपणा आणतं. हायोसिन मुळात धोत्र्याच्या कुळातल्या झाडांमधलं द्रव्य. महादेवाला आपण धोत्र्याचं फूल वाहतो, तेच कुळ. कच्च्या धोत्र्याने माणूस बरळतो, कारण ते द्रव्य मेंदूत शिरतं. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीत त्यात असा बदल केला, की ते मेंदूत फारसं जात नाही आणि काम पोटातच करतं. ड्रोटाव्हेरिन हंगेरीतलं. त्याचा पूर्वज पॅपाव्हेरिन, 1848 मध्ये अफूमधून वेगळं काढलेलं, पण नशा न आणणारं. आणि एक गोष्ट. चालून चालून पोटऱ्यांत गोळे आले की वारकरी हीच गोळी मागतात. त्याला ती चालत नाही. पायाचे स्नायू वेगळे, आतड्याचे वेगळे. पायाला पाणी, मीठ, तेल आणि विश्रांती.

आता मी तुम्हाला वाल्ह्याची गोष्ट सांगते. दहा-बारा वर्षं झाली.

जेजुरीनंतरचा मुक्काम वाल्ह्याचा. पाऊस बारीक पडत होता. आमच्या टेबलावर एकच बल्ब, त्याभोवती पाकोळ्या. रात्री आठ-साडेआठला परभणीकडचे एक आजोबा आले, सत्तरी ओलांडलेले. धोतर गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेलं, एका हाताने पोट दाबलेलं. मागे आजी, काखेत तुळशीवृंदावन. दिवसभर डोक्यावर वाहिलेलं ते वृंदावन त्यांनी आधी कोरड्या जागी नीट टेकवलं, मगच बोलल्या.

“माउली, लई मुरडा मारायलाय ह्यांना.”

मी तपासलं. पोट मऊ होतं, ताप नव्हता, दोनदा पातळ शौचाला झालं होतं. दुपारी कुठेतरी मठ्ठा प्यायले होते. मी ओआरएस दिलं, डायसायक्लोमिनची एक गोळी तिथेच खायला लावली आणि आणखी तीन कागदात बांधून दिल्या. “दुखलं तरच घ्या, आठ तासांनी एक.” पाऊण तासाने आजोबा स्वतः चालत आले, हसत. मूठ सुटली होती. जाताना माझ्या पाया पडले. वारीत सगळेच एकमेकांच्या पाया पडतात, पण वडिलांच्या वयाचा माणूस वाकला की अजूनही मला अवघडल्यासारखं होतं.

दुसऱ्या दिवशी नीरा नदीत माउलींच्या पादुकांना स्नान घातलं, पालखी सातारा जिल्ह्यात आली आणि लोणंदला पोचली. आमचं टेबल तिथे लागलेलं. रांग एवढी, की मी मान वर करत नव्हते. तेवढ्यात ओळखीचा आवाज आला.

“माउली, कालची ती गोळी द्या. पोट परत दुखायलंय.”

तेच आजोबा. श्रोतेहो, माझा हात डब्यात गेला होता. कालचा माणूस, कालचं दुखणं, कालची गोळी लागू पडलेली. रांगेत मागे तीस माणसं. पट्टी माझ्या बोटांत होती. तेवढ्यात आजी म्हणाल्या, मला नाही, आजोबांनाच म्हणाल्या, रागाने म्हणाल्या:

“आन् ते सांगा की. सकाळधरनं लघवीला झालंच नाही म्हणून. लाजायलेत.”

मी पट्टी खाली ठेवली.

आजोबांना पडदा लावून आडवं केलं. बेंबीखाली हात ठेवला, तर गोल, घट्ट, नारळासारखं लागलं. ते आतडं नव्हतं. ते तुडुंब भरलेलं मूत्राशय होतं. मग मी काल विचारायला हवं होतं ते एकेक विचारलं. धार बारीक झालीय का? “दोन साल झाली.” रात्री उठता का? “चार-पाच बारीला.” सुरू व्हायला वेळ लागतो? “उभा ऱ्हावं लागतंय.” म्हणजे प्रोस्टेटची गाठ, पुरुषांच्या मूत्राशयाखाली लघवीच्या वाटेभोवती असते ती, आधीपासून वाढलेली, लघवीची वाट अरुंद झालेली. मूत्राशय जोर लावून कसंतरी भागवत होतं. आणि मूत्राशयाची भिंत कशाची? त्याच स्नायूंची. तिला निरोप कुठला? तोच. माझ्या गोळीने आतड्याची मूठ सोडवली, आणि मूत्राशयाचा जोरही काढून घेतला.

पण तेवढ्यावर भागलं नव्हतं. आजोबांनी कमरेची पिशवी उघडली, तर वर्तमानपत्राच्या कपट्यात आणखी दोन पिवळ्या गोळ्या, नाव नाही, काही नाही. पावसात भिजून सर्दी झाली, म्हणून वाटेतल्या दुसऱ्या कुणाच्या टेबलावरून घेतलेल्या. सकाळी एक खाल्ली, दुपारी एक. सर्दीच्या ज्या जुन्या गोळ्यांनी नाक सुकतं आणि झोप येते, त्यांतल्या पुष्कळशा तोच निरोप थोडाफार अडवतात. दोन औषधं, दोन दुखण्यांसाठी, दोघांचा भार एकाच जागी.

इथे मला एक बोलायचंच आहे. सुट्या गोळ्या कपट्यात बांधून देण्याची ही पद्धत बंद व्हायला हवी. आदल्या रात्री वाल्ह्याला मीही तशाच दिल्या होत्या, हे मी विसरलेले नाही. त्या दिवसापासून आमच्या टेबलावर प्रत्येक पुडीवर मराठीत, मोठ्या अक्षरात औषधाचं नाव लिहिलं जातं. वेळ लागतो, रांग वाढते, वाढू दे. आणि लघवीचा विषय निघालाच आहे तर तेही सांगते. वारीतल्या कितीतरी बायका दिवसभर पाणीच पीत नाहीत, कारण आडोसा कुठे मिळेल याची खात्री नसते. मग जळजळ, मग मूतखडा, मग कळा. फिरती शौचालयं आता वाढलीत, पण रांगा बघितल्या की ती कमी पडतात हे दिसतंच. बाईने तहान मारून चालायचं, ही भक्ती नव्हे, ही आपली व्यवस्थेची कमतरता आहे.

तर आजोबा. मी नळी घातली. जवळजवळ 900 मिली लघवी निघाली. एरवी 400-500 मिलीला माणूस अस्वस्थ होतो. पिशवी भरत होती आणि आजोबांचा चेहरा सैल होत होता. काही न बोलता त्यांनी आजींचा पदर धरून ठेवला होता. आजी वृंदावनावरचं पाणी टिपत बसल्या होत्या.

नळी काही दिवस ठेवावी लागणार होती. घरी परत जा म्हटलं, तर आजी म्हणाल्या, “पंढरी बघूनच जाऊ.” त्यांच्या दिंडीच्या ट्रकमध्ये, सामानाच्या गोण्यांवर घोंगडी अंथरून आजोबांची जागा केली. चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण त्यांनी ट्रकवरूनच पाहिलं. रोज संध्याकाळी आमच्यातलं कुणीतरी जाऊन पिशवी बघून यायचं. हिवाळ्यात त्यांनी गावाकडे प्रोस्टेटचं ऑपरेशन करून घेतलं. पुढच्या वर्षी वाल्ह्याला दोघं पुन्हा आले. आजींनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून त्यांच्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या काढून टेबलावर ओळीने मांडल्या आणि म्हणाल्या, “आता बघून सांगा.”

वेळ थोडा उरलाय, तर बाकीचं भरभर सांगते.

ही गोळी मूठ सोडवते, पण एकाच ठिकाणची नाही. तोंड कोरडं पडतं, कारण लाळेलाही तोच निरोप लागतो. जवळचं वाचताना अक्षरं पुसट दिसतात. छातीत धडधडतं. बद्धकोष्ठ होतं. घाम कमी येतो, म्हणून कडक उन्हात काम करणाऱ्यांनी फार जपायचं. काचबिंदू असेल, लघवीची धार बारीक असेल, तर डायसायक्लोमिन-हायोसिन डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला डायसायक्लोमिनचे थेंब अजिबात नकोत. अजिबात नकोत. तान्ह्या बाळांचा श्वास त्याने अडकल्याच्या नोंदी आहेत. बाळ रडतंय म्हणून मोठ्या भावंडाची बाटली काढू नका. त्याला खांद्यावर घ्या, ढेकर काढा, पोटावर कोमट हात फिरवा, आणि रडणं थांबेना तर दाखवा.

पाळीच्या दुखण्यात गर्भाशयाची मूठ आवळते, पण तिला आवळायला लावणारी रसायनं वेगळी, प्रोस्टाग्लँडिन नावाची. त्यामुळे तिथे ती रसायनं कमी करणारं औषध, जसं मेफेनॅमिक ॲसिड, मुख्य काम करतं. दुकानात मिळणाऱ्या जोडगोळीत बहुधा दोन्ही असतात. 2023 च्या अखेरीस भारतीय औषधसंहिता आयोगाने मेफेनॅमिक ॲसिडबद्दल सावधगिरीची सूचना काढली होती. क्वचित कुणाला त्याने ताप, अंगभर पुरळ, आतल्या अवयवांना सूज अशी तीव्र ॲलर्जी होते. गोळी घेतल्यानंतरच्या आठवड्यांत असं काही दिसलं, तर ती थांबवा आणि दाखवा. पोटावर गरम पाण्याची पिशवी ठेवायची सवय मात्र चांगली आहे, उबेने हे स्नायू खरंच सैलावतात. मूतखड्याच्या कळेतही दुखणं आणि सूज कमी करणारं इंजेक्शन आधी, ही गोळी नंतर.

आणि गोळी कधी घ्यायची नाही? कळ येऊन-जाऊन न राहता दुखणं एकसारखं लागून राहिलं, बेंबीजवळ सुरू होऊन उजवीकडे खाली सरकलं, पोट फळीसारखं कडक झालं, ताप आला, हिरवी उलटी झाली, वारा सरणंही बंद झालं, तर गोळी शोधू नका, गाडी शोधा. आतडं अडलेलं असताना त्याला आणखी सैल करणं घातक आहे. वयस्कर माणसाच्या पोटाच्या वरच्या भागात दडपण आलं, घाम फुटला, तर ते ‘गॅस’ समजून घरी थांबू नका, आधी ईसीजी.

यंदाही वाल्ह्याला आमचं टेबल असेल. पोट धरून याल तेव्हा आम्ही आधी लघवीचं विचारू. आजोबा असोत, आजी असोत, लाजायचं नाही. आणि कमरेची पिशवी बरोबर आणा, आधी घेतलेल्या सगळ्या गोळ्यांसकट.

राम कृष्ण हरी.