हिरड्यांतले जंतू आणि बाळाची वार

(दृश्य : पंचवटी. सकाळी ओट्यावर तव्यात भाजली जाणारी मशेरी.)

"दिवस गेले की हिरड्यांतून रक्त यायचंच," असं नाशिकमध्ये घरोघरी ऐकू येतं. ते अर्धंच खरं आहे. गरोदरपणात प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक वाढतं, हिरड्या हुळहुळ्या होतात आणि ब्रशला रक्त लागतं. ही सूज बाळंतपणानंतर बहुधा ओसरते. पण मुळाशी जुनं कीटण असेल, तर हिरडी दातापासून सुटते आणि मध्ये फट पडते.

(दृश्य : खुणांची बारीक सळई हिरडीत उतरते.)

फट 3 मिलिमीटरपर्यंत असेल तर काळजी नाही. 4 किंवा त्याहून जास्त भरली, तर आत ऑक्सिजन कमी पडतो आणि त्याच्याविना वाढणारे जंतू फोफावतात. चावताना, ब्रश करताना ते रक्तात उतरतात.

त्यांपैकी फ्युसोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम रक्तवाहिनीच्या अस्तरातल्या पेशींचे सांधे सैल करतो. गाभण उंदरांच्या शिरेत हा जंतू सोडल्यावर तो वारेत, म्हणजे गर्भाला पोषण पोचवणाऱ्या अवयवात, वाढला आणि पिल्लं दगावली. दुसरा पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस. गर्भाशयात रुजून आईचं रक्त वारेपर्यंत आणण्याची वाट तयार करणाऱ्या पेशींना प्रयोगशाळेत त्याची लागण केली, तेव्हा त्यांचं विभाजन थांबलं आणि त्या मरू लागल्या.

प्रत्यक्ष बायकांमध्ये काय दिसलं? हिरड्यांचा आजार आणि 37 आठवड्यांआधीची प्रसूती यांचा संबंध 1996 मध्ये अमेरिकेत नोंदवला गेला. पण 2006 मध्ये 823 गरोदर स्त्रियांची चाचणी प्रसिद्ध झाली. 21 आठवड्यांच्या आत उपचार घेतलेल्यांच्या हिरड्या सुधारल्या, तरी अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं कमी झाली नाहीत. उपचारांनी अपायही झाला नाही. तेव्हा स्केलिंगने, म्हणजे दातांवरचं कीटण खरवडून काढल्याने, अशी प्रसूती टळते, असं कुणी ठामपणे सांगितलं तर विश्वास ठेवू नका. हिरड्या दुरुस्त करायच्या तर मूल ठरवण्याआधीच, हे उत्तम.

दिवस गेलेच असतील, तर 14 ते 20 आठवडे हा उपचारांसाठी सोयीचा काळ. लिग्नोकेनची भूल चालते. टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक मात्र नको, बाळाच्या दातांवर कायमचे डाग पडतात. उलटी झाल्यावर लगेच ब्रश नको, आम्लाने दाताचं कवच मऊ झालेलं असतं. पेलाभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून चूळ भरावी, अर्ध्या तासाने घासावं. मशेरी पूर्ण बंद! तो तंबाखूच आहे, आणि त्याने बाळाचं वजन घटतं.

दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर मातांची मोफत तपासणी होते. त्या दिवशी रक्तदाबाबरोबर हिरड्यांचंही सांगा, आणि रक्त येत असेल तर दातांच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी मागून घ्या.