डब्यातली परदेशी नाणी

श्रोतेहो, नमस्कार.

टोरंटोला किंवा न्यू जर्सीला कुणी नातेवाईक असलं की घरात एखादा डबा हमखास असतो. येताना खिशात राहिलेली चिल्लर त्यात पडत जाते, आणि एखाद्या दिवाळीच्या साफसफाईत तो उघडला जातो. असे डबे घेऊन लोक माझ्याकडे येतात. "काका, हे १९४० सालचं आहे, म्हणजे लाखभर तरी मिळतील ना?"

नुसत्या वयावर नाण्याची किंमत ठरत नाही. आधी धातू बघायचा. अमेरिकेच्या डाइम (दहा सेंट), क्वार्टर (पंचवीस सेंट) आणि हाफ डॉलरवर १९६४ किंवा त्याआधीचं विसाव्या शतकातलं साल असेल, तर त्यात ९० टक्के चांदी. पुढच्या वर्षापासून डाइम-क्वार्टरमधली चांदी गेली. हाफ डॉलरमध्ये ती १९७० पर्यंत ४० टक्के राहिली. साल पुसट असेल तर नाणं आडवं धरून कड बघा. चांदीची कड सलग पांढरी दिसते, नव्या नाण्याच्या कडेला तांब्याची लालसर रेघ असते. क्वार्टरचं वजन ६.२५ ग्रॅम, म्हणजे त्यात साडेपाच ग्रॅमहून थोडी जास्त चांदी. आजच्या भावाने गुणा, की ही झाली तळाची किंमत.

कॅनडात १९२० पासून प्रमाण ८० टक्के होतं. १९६७ मध्ये ते घसरायला लागलं आणि १९६८ मध्ये निकेल आलं. त्या एका वर्षात डाइम आणि क्वार्टर दोन्ही धातूंत पाडले गेले, पण ओळखायला लोहचुंबक पुरतो. चिकटलं तर निकेल, नाही चिकटलं तर चांदी.

तळाच्या किमतीवर जी झेप असते ती दुर्मिळतेची. आणि इथे मला तुम्हाला कॅनडाच्या १९४८ सालच्या चांदीच्या डॉलरबद्दल सांगायचंच आहे. ते निघाले फक्त १८,७८०. का, तर आपण स्वतंत्र झालो म्हणून! नाण्यावर ब्रिटनचा राजा सहावा जॉर्ज असे, त्याच्या चेहऱ्याभोवती लॅटिनमध्ये त्याची बिरुदं असत, आणि त्यांत 'हिंदुस्थानचा सम्राट' हेही असे. १५ ऑगस्ट १९४७ नंतर ते काढणं भाग होतं. नाणी पाडायचे बदललेले ठसे लंडनहून यायचे होते, त्यांना उशीर झाला आणि इकडे ओटावाच्या टाकसाळीला नाणी तर हवीच होती. मग त्यांनी १९४७ चेच ठसे चालू ठेवले, फक्त सालाशेजारी मेपलचं एक इवलंसं पान कोरलं. नवे ठसे पोचेपर्यंत १९४८ चं बरंचसं वर्ष उलटून गेलं होतं. म्हणून त्या सालाचा डॉलर इतका थोडा. ही हकीकत मी कितीदाही सांगितली तरी मला दर वेळी भरून येतं.

आता एक कळकळीची विनंती. नाणं घासू नका. एका आजींनी अमेरिकेचा जुना चांदीचा डॉलर, ज्याला मॉर्गन डॉलर म्हणतात, तो आणला होता, देवाच्या चांदीच्या भांड्यांबरोबर रांगोळीने लख्ख केलेला. हौसेनं केलं होतं हो त्यांनी! पण भिंगाखाली राजरोस केसासारख्या रेघा दिसत होत्या. संग्राहक अशा नाण्याला चांदीच्या भावापेक्षा फारसं जास्त देत नाही. काळवंडलेलं असेल तर तसंच राहू द्या, आणि हातात घेताना कडेला धरा.

मॉर्गनच्या नकलाही पुष्कळ फिरतात. खऱ्याचं वजन २६.७३ ग्रॅम. सराफाच्या काट्यावर टाका. झिजून थोडं कमी भरेल, पण दोन-तीन ग्रॅमचा फरक आला तर नाणं बाजूला ठेवा. आणि किंमतसूचीतला आकडा हा दुकानदाराच्या विक्रीचा असतो, तुम्ही विकायला गेलात की तो त्याहून कमीच देणार. त्यात त्याची लबाडी नसते, त्याचं पोट त्यावर चालतं.

तुमच्या डब्यात कॅनडाचं १९४७ सालचं नाणं निघालं, तर खिडकीजवळ उजेडात बसा आणि सातच्या आकड्याला लागून भिंग धरा. तिथे पान दिसलं, तर ते नाणं आपल्या स्वातंत्र्यानंतर पाडलेलं आहे, आणि त्याच्या दुसऱ्या बाजूला जॉर्ज अजूनही हिंदुस्थानचा सम्राट आहे.