चांद्रपोशाखातलं रबर

१९६५ साली अपोलोच्या चांद्रपोशाखाची स्पर्धा जिंकली ती प्लेटेक्स नावानं ब्रा आणि गर्डल (पोट-कंबर आवळणारं अंतर्वस्त्र) विकणाऱ्या इंटरनॅशनल लेटेक्स कॉर्पोरेशननं. लोकांना याचं हसू येतं. पण रबर आणि कापड एकत्र जोडून ते अंगाला चपखल बसवणं, हे तर अमेरिकेतल्या डेलावेअरमधल्या या कारखान्याचं रोजचंच काम होतं.

या पोशाखात शुद्ध ऑक्सिजन भरत, दर चौरस इंचाला ३.७ पाउंड दाबानं. आपल्या भोवतालच्या हवेच्या दाबाच्या हा जेमतेम पाव. तरी बाहेर निर्वात असल्यामुळे पोशाख फुगून ताठ होतो. कोपर वाकवलं की आतली जागा कमी होते, म्हणजे दर हालचालीला तो वायू दाबावा लागतो आणि दंड लवकर भरून येतात. म्हणून सांध्यांवर हार्मोनियमच्या भात्यासारख्या रबरी घड्या असतात. एकीकडच्या घड्या मिटतात तेव्हा दुसरीकडच्या उघडतात, आतली जागा जवळपास तेवढीच राहते. कडेनं गेलेल्या केबल या घड्यांना लांब ताणू देत नाहीत.

आता माप. मुख्य चमूतल्या प्रत्येक अंतराळवीरासाठी तीन पोशाख शिवले जात: एक सरावाचा, एक उड्डाणाचा, एक राखीव. नुसतं अंगात घालून बघणं पुरत नाही, फुगवून बघावं लागतं. पाय थोडा लांब राहिला, तर फुगल्यावर पोशाखाचा गुडघा माणसाच्या गुडघ्यावर येतच नाही. खरी परीक्षा हातमोज्यांची. त्यासाठी अंतराळवीराच्या हाताचा साचा घेत. बोट लांब झालं तर पकड जाते, आखूड झालं तर नखं दुखावतात. बोटांची टोकं सिलिकॉन रबराची, स्पर्श कळावा म्हणून. आणि झिजणाऱ्या भागांवर क्रोमेल-आर हे धातूच्या तारांचं विणलेलं कापड.

दाब धरणाऱ्या थरावर मायलार आणि कॅप्टॉन या प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्यांचे थर, सर्वांत वर टेफ्लॉन चढवलेलं काचतंतूंचं बीटा कापड. टीप एक मिलिमीटरसुद्धा सरकलेली चालत नसे. चुकून राहिलेली टाचणी रबराला भोक पाडेल, म्हणून पोशाखांचे एक्स-रे काढत. अपोलो १५ पासून चांद्रगाडी आली. गाडीत बसायचं तर कंबर वाकायला हवी. म्हणून पाठीवरून उभी जाणारी झिप हलवून कमरेभोवती फिरवली गेली.

हे सगळं त्या मोहिमेपुरतं होतं. पन्नास वर्षं टिकावं, असा विचार कुणी केला नव्हता. नील आर्मस्ट्राँगचा पोशाख स्मिथसोनियनच्या संग्रहालयात १९७६ पासून प्रदर्शनात होता. २००६ मध्ये तो काढून घेतला. बीटा कापडाची तशी काळजी नाही. खराब होतं ते आतलं, जे डोळ्यांना दिसतच नाही. निओप्रीन हे कृत्रिम रबर मिसळलेलं रबर ऑक्सिजनमुळे कडक होतं, भेगाळतं, आणि मग पोशाख वाकवला की तुटतं. निओप्रीनमध्ये क्लोरीन असतं. ते जीर्ण होताना हायड्रोजन क्लोराईड वायू सुटतो आणि ओल मिळाली की आम्ल बनून धातूच्या जोडांना गंज चढवतो. आतल्या थंड पाण्याच्या पीव्हीसी नळ्यांची गत वेगळी. त्यांना मऊ ठेवणारं द्रव्य हळूहळू बाहेर झिरपतं, नळ्या तपकिरी आणि चिकट होतात, आणि तो चिकटा शेजारच्या कापडालाही डागाळतो.

यातलं काहीच उलटं फिरवता येत नाही, फक्त वेग कमी करता येतो. साठवणीत तापमान सुमारे १७ अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ३० टक्क्यांच्या आसपास ठेवतात. याहून फार थंड केलं तर रबर ठिसूळ होतं, दमट झालं तर गंज वाढतो. पोशाख घडी घालून ठेवत नाहीत, कारण घडी पडते तिथंच रबर आधी फुटतं. आत काय चाललंय ते उसवून बघणं शक्य नाही, म्हणून सीटी स्कॅन करतात.

२०१५ मध्ये आर्मस्ट्राँगच्या पोशाखाच्या जतनासाठी लोकवर्गणीतून ७ लाख डॉलरहून अधिक जमले आणि १६ जुलै २०१९ ला तो पुन्हा लोकांसमोर आला. उजेड मंद ठेवलेला आहे. आतला पुतळा मुद्दाम असा घडवलाय की पोशाखाच्या आतून हवा खेळती राहावी. काचेची पेटी हवाबंद केली असती तर रबरातून सुटणारा तोच वायू आत साचून झिपला आणि कड्यांना खात राहिला असता.