उंट नव्हे, हत्ती!

श्रोतेहो, नमस्कार. घरात बुद्धिबळाचा डबा असेल तर त्यातला उंट जरा हातात घ्या. डोक्यावर तिरकी खाच आहे ना? लहानपणी मला ते उंटाचं उघडं तोंड वाटायचं. पण ही सोंगटी मुळात उंट नाहीच, हत्ती आहे.

आपल्या खेळाचा पूर्वज म्हणजे चतुरंग. हत्ती, घोडे, रथ, पायदळ ही सैन्याची चार अंगं. ७व्या शतकात बाणभट्टाने हर्षचरितात लिहिलं की, हर्षाच्या राज्यात चतुरंगाची मांडणी शिकवतात ती फक्त अष्टापदावर, म्हणजे ८ गुणिले ८ घरांच्या पटावर. खऱ्या लढाया संपल्याच म्हणे! राजस्तुतीच ती. नर्मदेवर बदामीच्या पुलकेशीने याच हर्षाला अडवलं होतं.

इराणात चतुरंगाचं ‘चतरंग’ झालं. अरबीत ना ‘च’, ना ‘ग’, मग झालं ‘शतरंज’. सोंगट्यांना प्राण्यांचे आकार देणं तिथल्या अनेकांना धर्माला धरून वाटेना. हत्तीची सोंड गेली, पाय गेले. उरला एक गुळगुळीत गोळा आणि सुळ्यांच्या जागी दोन उंचवटे. नाव मात्र टिकलं: अल-फील, म्हणजे हत्तीच.

स्पेन, सिसिलीमार्गे हा गोळा युरोपात पोचला. तिथे हत्ती पाहिलाय कुणी! इंग्रजांना ती बिशपची टोपी वाटली, फ्रेंचांना विदूषकाची, असं सांगतात. आपल्या उंटाच्या डोक्यावरची खाच त्या बिशपच्या टोपीचीच. स्पॅनिश माणूस आजही ‘अल्फिल’ म्हणतो आणि रशियन ‘स्लोन’; स्लोन म्हणजे हत्ती. आपल्याकडे मात्र हत्ती रथाच्या कोपऱ्यात जाऊन बसला, रथ पटावरून गेला आणि मोकळ्या जागी उंट आला.

वजिराचं तर नशीबच उघडलं. पूर्वी बिचारा एकच घर तिरका सरकायचा. युरोपात त्याची राणी झाली आणि १५व्या शतकाच्या अखेरीपासून ती पटभर धावू लागली.

राजा मात्र राजाच राहिला. फारसीत तो शाह. त्यावरून आपला ‘शह’. तोच शब्द फ्रेंचांच्या तोंडून इंग्रजीत जाऊन ‘चेक’ झाला, आणि बँकेतला चेकही त्याच्याच पोटचा. तेव्हा उद्या भाड्याचा चेक फाडताना घरमालकाला खुशाल म्हणा, “घ्या, शह!”